टोळी हलायच्या आधी

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या मास्टर्स डिग्रीच्या) सेकंड इयरला आम्हाला टीम प्रोजेक्ट होता, सहा जणांचा गट, नोव्हेंबर ते मार्च, आणि विषय आम्ही घेतला ऊसतोड कामगारांच्या लहान लेकरांचं लसीकरण. त्या पाच महिन्यांत जे शिकले ते लिहून काढायचं लई दिवस मनात होतं. आता नोकरीत रोज तेच वापरते, आणि ज्युनियर पोरं-पोरी मेसेज करतात की ताई प्रोजेक्ट प्लॅनचा फॉरमॅट पाठवा ना. फॉरमॅट पाठवते मी, पण नुसत्या फॉरमॅटनं काय होत नाही, म्हणून हे सगळं.

मी सांगलीचीच. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असते. तेव्हा मी कॉलेजला होते आणि एका शाळेत पूरग्रस्तांचा कॅम्प लागला होता तिथं मदतीला जायचे. बाहेरगावाहून टेम्पोच्या टेम्पो यायचे, लोकांची माया खरी होती, पण एका वर्गात जुन्या कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेलेला आणि बायका हळूच जवळ येऊन पॅड आहेत का विचारायच्या, तर ते नव्हते. काय लागतंय हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. समाजकार्य शिकायचं तिथंच ठरलं माझं. पण गंमत नाही, खरंच सांगते, चार वर्षांनी स्वतःचा प्रोजेक्ट करताना मी तीच चूक केली.

झालं असं की पहिल्या मीटिंगला आम्ही सगळे एकदम पेटलेलो. नोव्हेंबर होता, साखर कारखान्यांनी मोळी टाकलेली, म्हणजे हंगाम सुरू केलेला, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सुरू झालेले. पलूस तालुक्यातल्या एका कृष्णाकाठच्या गावात माळावर बीड जिल्ह्यातली एक टोळी उतरली होती, बैलगाडीवाली, २२ कोयते. (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, माहीत नसेल त्यांच्यासाठी.) आम्ही ठरवलं शिक्षण पण घेऊ, आरोग्य पण घेऊ, व्यसनमुक्ती पण, बालविवाहावर पथनाट्य पण. सहा जण होतो ना, प्रत्येकाला एकेक विषय. शीट बनवली, वर उद्दिष्टं, खाली ॲक्टिव्हिटी, बाजूला तारखा, रंग भरले. गँट चार्ट म्हणतात त्याला, हेन्री गँट नावाच्या इंजिनियरनं शंभरेक वर्षांपूर्वी कारखान्यातलं काम दिसावं म्हणून तसले तक्ते वापरात आणले. आणि लॉगफ्रेम पण केली, म्हणजे उद्दिष्टापासून कामापर्यंत सगळं एका तक्त्यात मांडायचं, ती १९६९ मध्ये अमेरिकेच्या मदतसंस्थेसाठी तयार झालेली पद्धत, आपल्याकडच्या बऱ्याच संस्था फंडिंगच्या प्रपोजलला तीच जोडतात. क्लासमध्ये हे सगळं शिकवलेलं होतं, नोट्स होत्या, त्यामुळं शीट बघून आम्हाला वाटलं अर्धं काम झालं.

गाईड मॅडमनी शीट बघितली, लॅपटॉप बंद केला आणि एवढंच विचारलं, "मार्चमध्ये ही टोळी परत जाणार. जाताना त्या लेकरांच्या हातात काय असेल?"

कुणालाच सांगता येईना. पथनाट्य हातात धरून नेता येत नाही. आठवडाभर वादावादी झाली, विट्याची म्हणाली शिक्षणाचंच घेऊ, आष्ट्याचा म्हणाला दारूचं घेतल्याशिवाय अर्थच नाही. (आम्ही एकमेकांना गावावरूनच बोलवायचो, इथंही तसंच लिहिते.) शेवटी मिरजेची बोलली, ती आधी नर्सिंगला वर्षभर होती, की पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक लेकराचं लसीकरणाचं कार्ड पूर्ण करून हातात द्यायचं. बास. ते कार्ड बीडला गेलं तरी चालतं, पुढच्या हंगामात कर्नाटकात गेलं तरी चालतं. मला तेव्हा ते लई छोटं वाटलं होतं. बाकीचे विषय शीटमधून काढताना वाईट वाटलं, जणू त्या लोकांचे प्रश्नच आम्ही खोडतोय. आज म्हणेन की तो दिवस सगळ्यात महत्त्वाचा होता, कारण काय करायचं नाही हे ठरल्याशिवाय सहा जणांचे पाय एका दिशेला पडत नाहीत.

लीडर मी झाले. मी जास्त बोलते म्हणून झाले, दुसरं कारण नाही.

मग फिल्डवर्क सुरू झालं, मंगळवार-बुधवार. सांगली स्टँडवरून सकाळी साडेनवाची एसटी, अकराला गावात, खोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, सव्वाअकरा. पहिल्या दिवशी खोप्यांवर मोठं माणूस एकच, एक म्हातारी. बाकी सात-आठ वर्षांच्या पोरी कडेवर भावंडं घेऊन. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यात परत तेच. सर्व्हेचे फॉर्म कोरे. मी शीटमध्ये 'लाभार्थी उपलब्ध नाहीत' असं लिहिलं, आता ते वाक्य आठवलं की त्रास होतो मला. बाया पहाटे चारला उठून, स्वयंपाक करून, अंधारात फडात जात होत्या, आणि आम्ही आमच्या एसटीच्या टायमाला त्या भेटल्या नाहीत म्हणून त्यांना अनुपलब्ध ठरवलं.

तीन आठवडे असे गेले. परतीच्या एसटीत जतचा माझ्या शेजारी बसला होता. हा पोरगा मीटिंगमध्ये कधीच बोलायचा नाही, दिलेलं काम करायचा, फोटो काढायचा, गप. त्या दिवशी खिडकीतनं बाहेर बघत म्हणाला, "अकराला कोण भेटत नसतंय ताई. गाडी भरून बाप्ये कारखान्याला जात्यात, बाया वाढं घिऊन तीन-साडेतीनला खोपीवर येत्यात. तवा जायला लागतंय." (वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना चारा.)

मी विचारलं तुला कसं माहीत.

"आई-वडील जातेत की आमचं."

जत तालुक्यातनं किती माणसं तोडीला जातात हे मी पेपरात लिहिलं होतं, दहा मार्कांच्या उत्तरात. आणि ज्याचं बालपण खोपीत गेलं तो आमच्या टीममध्ये बसला होता आणि पहिल्या मीटिंगमध्ये मी त्याला फोटोचं काम दिलं. मी म्हणलं आधी का नाही बोललास रे. तो म्हणाला, विचारलं नाही कुणी, आणि वर्गात सांगायचं पण नव्हतं. (हे लिहू का म्हणून त्याला विचारलंय, लिही म्हणाला, म्हणून लिहिते.)

टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये गट कसा घडतो त्याच्या पायऱ्या सांगितल्यात, आधी जमतात, मग भांडतात, मग नियम ठरतात, मग काम होतं. परीक्षेला हमखास येतं. पण विषय ठरल्यानंतर आमच्या गटात भांडण झालंच नव्हतं आणि मी त्यावर खूश होते, की आमची टीम किती चांगली. चांगली कसली, दोघं बोलत होते आणि चौघं मान हलवत होते. त्या एसटीनंतर आम्ही मीटिंगची पद्धत बदलली, आधी पाच मिनिटं प्रत्येकानं कागदावर लिहायचं आणि मग गप्प बसणाऱ्यापासून वाचायला सुरुवात. मग मात्र भांडणं सुरू झाली, कचाकचा, विट्याची दोन आठवडे माझ्याशी नीट बोलत नव्हती. पण त्या भांडणांतनं खरा प्लॅन निघाला.

तो प्लॅन आम्ही जतच्याच्या खोलीवर भिंतीला चार्ट पेपर लावून केला. शेवटापासून मागं यायचं ठरवलं. शेवट काय, कार्ड पूर्ण. त्याच्या आधी काय, लस टोचली पाहिजे. त्याच्या आधी, एएनएम ताई (गावच्या सरकारी नर्स) लस घेऊन आल्या पाहिजेत. त्या कधी येतील, त्यांच्याकडं ड्यू लिस्ट असेल तर, म्हणजे कुठल्या लेकराला कुठला डोस बाकी आहे त्याची यादी, कारण त्या हिशोबानं प्राथमिक आरोग्य केंद्रातून लस उचलायची असते. ड्यू लिस्ट कशी होणार, आधीचे डोस कळले तर. आणि आधीचे डोस कुठं लिहिलेत, तर कार्डावर, आणि कार्ड कुठं आहे, तर बीडला घरी, पत्र्याच्या पेटीत. हरवू नये म्हणून बाया कार्ड घरी ठेवून आल्या होत्या.

इथं सगळे थांबलो. आमच्या रंगीत शीटमध्ये हे काम कुठंच नव्हतं आणि सगळी साखळी याच एका कामाला अडकलेली. पुस्तकात याला क्रिटिकल पाथ म्हणतात, म्हणजे जी कामं एकापाठोपाठच होऊ शकतात त्यांची सगळ्यात लांब रांग, त्यातलं एक लांबलं की अख्खा प्रोजेक्ट लांबतो, बाकी कामं किती का पटापट होईनात. गणितं सोडवली होती आम्ही त्याची, बाणांची आणि गोलांची. पण लेकराच्या दंडावर बीसीजीची (टीबीच्या लसीची) खूण बघणं आणि आईला विचारणं की मांडीवर किती सुया झाल्या, हे करताना कळलं की ती रांग म्हणजे काय असते.

मग दुपारी तीनला जायला लागलो. त्यासाठी कॉलेजकडनं फिल्डवर्कची वेळ बदलून घ्यावी लागली, सात वाजता परत यायचं म्हणजे मुलींच्या घरी सांगावं लागलं, त्यात एक आठवडा गेला. पण गेलं की बाया भेटायच्या. चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता बोलायच्या. पाच वर्षांखालची १४ लेकरं निघाली. एकेकीच्या घरी फोन लावायचा, सासूला नाहीतर नणंदेला पेटी उघडायला सांगायची, कार्डाचा फोटो मागवायचा. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही तिथं गावच्या आशाताईचा नंबर शोधायचा. हे काम मिरजेचीनं केलं. तिच्याकडं मी ते दिलं नव्हतं, तिनं मागून घेतलं. साडेतीन आठवडे लागले आणि १४ पैकी ११ कार्डांचे फोटो आले. उरलेल्या तिघांपैकी दोघांचं गावाकडच्या रजिस्टरवरून कळलं.

इकडं गावातलं पण सोपं नव्हतं. सुरुवातीला एएनएम ताईंकडनं उत्तर मिळालं की ही आमची लोकसंख्या नाही, ती बीडकडं मोजलेली आहे. त्या ताईंवर राग नाही माझा, त्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं आणि त्यांच्या कागदात ही लेकरं नव्हतीच. आष्ट्याचा त्यांच्याकडं चार वेळा गेला, भांडायला नाही, त्यांचं काम समजून घ्यायला, एकदा तर दिवसभर त्यांच्याबरोबर गावात फिरला. तेव्हा कळलं की गोवर-रुबेलाची लस एकदा पातळ केली की चार तासांत वापरायची, उरली ती टाकून द्यायची, म्हणून लेकरं विखुरलेली असली की त्यांना बाटली फोडायला जीव होत नाही. आम्ही म्हणलं लेकरं एका जागी आणायची जबाबदारी आमची, तुम्ही फक्त तीनला या. तयार झाल्या. जानेवारीतला तिसरा मंगळवार ठरला.

त्या मंगळवारी आम्ही पावणेतीनला पोचलो. एएनएम ताई लसीचा डबा घेऊन स्कूटीवरून आल्या. माळावर २२ खोप्यांपैकी सहा उरल्या होत्या. बाकी नुसती तीन दगडांची चूल, राख, फाटकी ताडपत्री. टोळी रविवारी हलली होती, इकडचा ऊस संपत आला म्हणून.

आमच्या कागदावर रिस्क म्हणून काय काय लिहिलं होतं, पाऊस, परीक्षा, टीममधलं कुणी आजारी पडणं. टोळी हलेल हे लिहिलं नव्हतं. आणि ती कधी हलणार हे एका माणसाला आठवडाभर आधी माहीत असतं, चिटबॉयला. कुठल्या फडाला कधी तोड द्यायची, कुठल्या गाड्या कुठं जाणार, ते कारखान्याकडनं तोच सांगतो. आमच्या स्टेकहोल्डरच्या यादीत सरपंच होते, ग्रामसेवक होते, शाळेचे हेडमास्तर होते, मुकादम (टोळी घेऊन येणारा ठेकेदार) पण होता. मोटारसायकलवर फिरणारा तो माणूस आम्ही रोज बघत होतो, नमस्कार घालत होतो, आणि यादीत तो नव्हता. हुद्दा बघून यादी केली होती आम्ही. टोळीचा दिवस ज्याच्या चिठ्ठीवर ठरतो तो कोण, हे बघितलंच नाही.

त्या दिवशी सहा खोप्यांतल्या चार लेकरांना डोस मिळाले. मी गावाच्या पाराजवळ बसून रडले, हे पण लिहिते, कारण प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ते लिहायला जागा नसते.

त्याच संध्याकाळी जतचा आणि आष्ट्याचा चिटबॉयकडं गेले. साधा माणूस, पण मदतीला लगेच तयार. टोळी १४ किलोमीटरवर वाळवा तालुक्यात गेली होती, आणि ती आता दोन ठिकाणी विभागली होती. म्हणजे दुसरं आरोग्य केंद्र, दुसऱ्या एएनएम ताई, पहिल्यापासून सुरुवात. पण पहिल्यापासून नाही ना, ड्यू लिस्ट तयार होती! पहिल्या ताईंनीच दुसऱ्या ताईंना फोन केला, की पोरं मनापासून करतायत, यादी पक्की आहे, जा. जे काम पहिल्यांदा करायला दोन महिने लागले ते दुसऱ्यांदा नऊ दिवसांत झालं. आणि चिटबॉयचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये, दर शनिवारी एक फोन, पुढच्या आठवड्यात तोड कुठं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच चार्टमध्ये बसत नव्हती. दोन बाया लस नको म्हणायच्या. आम्हाला वाटलं गैरसमज असेल, भीती असेल, विट्याचीनं फ्लिप चार्ट केला, चित्रं काढली, पोलिओ, गोवर, डांग्या खोकला. त्यातली एक शांतपणे सगळं ऐकून म्हणाली, "बाई, लस चांगली हाय ते कळतंय मला. पर सुई दिली की लेकराला ताप येतो. रातभर रडलं तर पहाटं मी उठू कव्हा? खाडा पडला तर पैसे तुम्ही देणार का?"

खाडा म्हणजे कामाला न गेलेला दिवस, त्याचे पैसे उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडनं आगाऊ घेतलेल्या पैशांच्या, हिशोबात कापतात, आणि कोयता जोडीचा असतो म्हणून बाई थांबली की नवऱ्याचंही काम थांबतं. म्हणजे तिचा हिशोब आमच्या हिशोबापेक्षा जास्त पक्का होता. यावर फ्लिप चार्टचा काय उपयोग. त्या रात्री मीटिंगमध्ये पुन्हा कागदावर लिहिलं आणि जतचानं लिहिलं होतं: मुकादमाशी बोलू. मुकादम म्हणजे कडक माणूस, आम्हाला त्याची भीतीच वाटायची. जतचा एकटा गेला, काय बोलला ते त्यानं पूर्ण सांगितलं नाही कधी. पण मुकादम एवढं म्हणाला की लस झालेल्या दुसऱ्या दिवशी ज्या बायांची लेकरं आजारी आहेत त्यांनी उजाडल्यावर आलं तरी चालेल, खाडा धरणार नाही. एका सकाळीचा प्रश्न होता तो. ताप आला तर द्यायचं औषध एएनएम ताईंनी दिलंच होतं. दोघी तयार झाल्या.

खर्चाचं थोडक्यात सांगते. प्रत्येकी ५०० काढले होते, ३००० झाले. सगळ्यात जास्त पैसे बॅनर आणि टी-शर्टला जाणार होते, ते मिरजेचीनं थांबवलं. गेले कशात, तर एसटी, फोनचे रिचार्ज आणि १४ प्लास्टिकची पाकिटं, झिपवाली, कार्ड भिजू नये म्हणून. पाकिटाची आयडिया एका आईची, तिचं आधीचं कार्ड पावसात लगदा झालं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चिटबॉयचा फोन आला, शनिवार नसताना. पट्टा पडतोय, म्हणजे हंगाम संपतोय, परवा शेवटची गाडी. आमच्या शीटमध्ये ३१ मार्च होतं. पण या वेळी आमची तयारी होती, कार्डं भरलेली, पाकिटात घातलेली. रात्री आठला टेम्पोत भांडी, बैलांचा चारा, कोंबड्या चढत असताना आम्ही एकेका आईच्या हातात पाकीट दिलं आणि चार गोष्टी परत सांगितल्या, कुठली लस झाली, पुढची कधी, ताप आला तर काय, आणि कार्ड जपून. १४ पैकी ११ लेकरांचं वयानुसार सगळं पूर्ण. एक कुटुंब टोळी विभागली तेव्हाच भांडून गावी गेलं होतं, ते सापडलं नाही. एकाचे आधीचे डोस शेवटपर्यंत कळलेच नाहीत, त्याचं गावी गेल्यावर बघायचं ठरलं. आणि एक सात महिन्यांची होती, तिची गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावरच देता येते.

व्हायवाला बाहेरच्या सरांनी विचारलं ७८ टक्केच का. विट्याची म्हणाली, सर, टक्के नकोत, तीन नावं सांगते. आणि तिनं तिन्ही लेकरांची नावं, त्यांच्या गावासकट, न बघता सांगितली. मार्क सगळ्यांना सारखेच मिळाले. मॅडमनी त्याआधी प्रत्येकाकडनं बंद पाकिटात लिहून घेतलं होतं की टीममध्ये कुणाच्या कामामुळं प्रोजेक्ट उभा राहिला, सहाही चिठ्ठ्यांवर काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी जतच्याचं नाव लिहिलं होतं.

आता मी एका संस्थेत आहे, स्थलांतरित कुटुंबांसोबतच काम करते. अजून शीट बनवते, रंग पण भरते, त्यात एक कॉलम तेव्हापासून कायमचा आहे: 'हे कुणाला विचारून लिहिलं'. तो कॉलम रिकामा असला तर ती ओळ मी मीटिंगमध्ये घेत नाही, ज्युनियरना याचा कंटाळा येतो, माहीत आहे मला.

त्या सात महिन्यांच्या पोरीची तारीख मी फोनमध्ये लावून ठेवली होती. मे महिन्यात परीक्षा चालू होती, अलार्म वाजला, तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावला. त्यांनी नाव विचारलं, थोडा वेळ रजिस्टर चाळल्याचा आवाज आला.

"हो, परवाच दिली की गोवर-रुबेला. आई स्वतः घेऊन आली होती, पाकिटात कार्ड. काल थोडा ताप होता, आज खेळतीय."